तांबड्याचे सहा आणे

त्या वर्षी आमच्या गावात सगळ्यांत वाईट पळालेल्या बैलजोड्यांचे मालक छाती पुढे काढून फिरत होते.

"आमची जोडी गेल्या साली चाळीस सेकंदानं पोचली होती," असं एकजण पारावर बसून मोठ्या दिमाखात सांगे.

"चाळीस? अन् त्याचं एवढं कवतिक? आमची तं मधातच बसली होती!" दुसरा त्याला तिथल्या तिथे गप्प करी.

पन्नासचं दशक निम्म्यावर आलं होतं. वाशीम अजून अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता, रुपयाचे अजून सोळा आणे होते आणि मी अनसिंगपासून दोन-अडीच कोसांवरच्या एका गावात नवाच मास्तर म्हणून आलो होतो. त्या गावाकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, शंकरपट. पट म्हणजे बैलांची शर्यत खरी, पण दोन जोड्या शेजारी-शेजारी पळवत नाहीत. एका वेळी एकच जोडी, मागे हलकासा छकडा, छकड्यावर हाकणारा आणि पुढे सरळ लांब पट्टी. त्या टोकाला लाल फडकं खाली आलं की जोडी सुटते, या टोकाला घड्याळवाला उभा असतो. ज्या जोडीला सर्वांत कमी सेकंद लागतील ती पहिली. इतका साधा आणि निर्दोष नियम होता. साहजिकच तो कुणाला तरी सुधारावासा वाटला.

सुधारणा विकास खात्याच्या साहेबांनी आणली. पटाच्या महिनाभर आधी ते जीपमधून आले आणि चावडीपुढे त्यांनी भाषण केलं. भाषणात 'प्रगती' हा शब्द एकोणतीस वेळा आला. मी मोजला, कारण मोजण्यासारखं दुसरं काही त्यात नव्हतं. देशाची प्रगती शेकडेवारीत मोजतात, तर बैलांची का मोजू नये, असा त्यांचा सवाल होता. कुणीच उत्तर न दिल्यामुळे त्यांनी जाहीर केलं, की यंदा वेगाच्या बक्षिसाखेरीज प्रगतीचंही एक बक्षीस राहील. गेल्या वर्षीच्या वेळेच्या मानाने ज्या जोडीचा वेळ सर्वांत जास्त प्रमाणात कमी होईल, तिला खात्यातर्फे एक लोखंडी नांगर आणि हाकणाऱ्याला फेटा.

गेल्या वर्षीच्या वेळा पटवाऱ्याच्या वहीत होत्याच. तेव्हापासून गावात मागासलेपणाला भाव आला.

मी ज्या घरात ओसरीवरची खोली घेऊन राहत होतो, त्या घरचीही एक जोडी होती आणि तिची गेल्या वर्षीची वेळ चोवीस सेकंद होती. म्हणजे धड नाव काढण्याजोगी नाही आणि धड फुशारकी मारण्याजोगीही नाही. जोडीतला पांढऱ्या बैल जुना, समजदार. तांबड्या नवा. तो घरच्या धाकट्या सुनेच्या माहेरहून, कामरगावकडून, गोऱ्हा म्हणून आला होता. तिनंच त्याला वाढवला. मी तिला वहिनी म्हणे. तिचा नवरा, ज्याला मी दादा म्हणे, जोडी हाकायचा. तो इतकं कमी बोलायचा, की त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आठवडा उलटला होता आणि तो बैलाला 'हो' म्हणाला होता.

घराचा कारभार दादाच्या थोरल्या भावाकडे होता. वहिनी भासऱ्यांशी, म्हणजे या थोरल्यांशी, बोलत नसे. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. थोरले समोर आले की पदर कपाळाच्या खाली येई आणि तोंड बंद. पण एका घरात राहायचं तर दिवसातून दहा गोष्टी सांगाव्याच लागतात. इतर घरांत त्यासाठी लेकराला मध्ये घालत किंवा भिंतीशी बोलत. या घरात ते काम तांबड्याकडे होतं.

"तांबड्या, भाकरी थंडी होऊन राह्यली म्हनाव," वहिनी गोठ्याकडे तोंड करून म्हणे. "ज्याले जेवाचं त्यानं हात धुवा."

"तांबड्या, अजून भूक नाई म्हना," थोरले ओसरीवरून म्हणत.

"उपाशी राह्यलं तं काम कोन करन म्हना!"

तांबड्या दोन्हीकडे आळीपाळीनं कान हलवी. घराचं टपालखातं त्याच्याकडे होतं म्हणा ना.

आणि याच टपालखात्यामार्फत एका सकाळी थोरल्यांचा निरोप आला. "तांबड्या, तू पटात गेल्या साली घोळ केला. वखराले जुपलं तं आडवा चालते. यंदाच्या पटात काई आनलं तं आनलं, नाई तं पटानंतरच्या बाजारी तुले दोराले धरून नेतो. सांगून ठेवतो."

वहिनी शेण भरत होती. तिनं पाटी टाकली आणि जाऊन तांबड्याच्या मानेवर हात ठेवला, तेव्हाच मला कळलं की गोष्ट किती खोल गेली आहे. दुपारी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, तुमच्या शाळेत ते सेकंद मोजाची घडी आहे ना?"

होती. कवायतीच्या सामन्यांसाठी घेतलेलं, बटण दाबलं की सुटणारं आणि पुन्हा दाबलं की थांबणारं ते घड्याळ मोठ्या गुरुजींच्या कपाटात, कापसात गुंडाळलेलं असे. पटाच्या दिवशी ते धरून उभं राहायचं काम यंदा माझ्याकडे आलं होतं. सराव म्हणून मी ते रीतसर पावती देऊन महिनाभर आधीच मागून घेतलं.

पहिलं बक्षीस आमच्या आवाक्यात नव्हतं. बाहेरगावची एक जोडी दरवर्षी बारा सेकंदांत येई आणि तिच्यापुढे आमची म्हणजे एसटीपुढे बैलबंडी. राहता राहिला नांगर. उजाडता उजाडता गावामागच्या पडीत आम्ही जाऊ लागलो. दादा हाके, वहिनी त्या टोकाला फडकं धरी, मी या टोकाला घड्याळ. पहिल्या दिवशी बावीस सेकंद लागले.

"किती फरक झाला?" वहिनीनं विचारलं.

"दोन सेकंद."

"ते मले बी समजते. शेकडा किती?"

साहेबांचं भाषण सगळ्या गावात फक्त तिनं मन लावून ऐकलं होतं, हे मला तेव्हा समजलं. मी मातीत काडीनं हिशेब केला. दोन गुणिले शंभर, भागिले चोवीस. आठ आणि एक तृतीयांश. ती त्या तृतीयांशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे शंभर आनलं कुठून? चोवीसातले दोन गेले, इथं शंभर कोनाचे?"

सातवीच्या वर्गाला मी हे दोन महिने शिकवत होतो. तिथे कुणालाही हा प्रश्न पडला नव्हता. मी सांगितलं, की निरनिराळ्या जोड्यांच्या वेळा निरनिराळ्या, म्हणून सगळ्यांना एका मापावर आणायचं. प्रत्येकाची सुरुवात शंभर धरायची.

"असं होय! मंग सोळा धरा ना. सोळा आने कोनाले समजत नाई?"

पिकाचा अंदाजही सरकार आण्यांतच काढत होतं. आठ आणे पीक, बारा आणे पीक. मी म्हटलं, धरा सोळा. दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या भिंतीवर तिनं गेरूनं एक उभी रेघ ओढली होती आणि तिच्यावर सोळा खुणा. चोवीसचा सोळावा भाग दीड, हे तिनं कुणालाही न विचारता काढलं होतं. "दीड सेकंद गेले का एक आना," ती म्हणाली. "आपल्याले आने पाह्यजे, सेकंद नाई." मी शेकडेवारी शिकवत होतो, ती मला आणेवारी शिकवत होती, आणि दोघांचा मेळ बसायला चारच दिवस लागले. चार आणे म्हणजे पंचवीस टक्के. आठ म्हणजे पन्नास. एक आणा म्हणजे सव्वासहा.

पुढचे तीन आठवडे मी रोज उजाडायची वाट पाहिली, इतक्या आतुरतेनं त्याआधी कधी पाहिली नव्हती. वीस सेकंद! मग एकोणीस! मी घड्याळ वर करून धावत सुटे, कारण त्या टोकाला वहिनी फडकं टाकून आधीच धावत निघालेली असे आणि दोघांमध्ये दादा छकड्यावर उभा असे. एका पहाटे सोळा सेकंद आले. दादा चक्क "हट्!" म्हणाला. त्याच्या मानानं ते एक भाषणच होतं.

दुसऱ्याच दिवशी बरोबर पट्टीच्या मधोमध एक टिटवी ओरडत उठली, तांबड्या बिचकला, आणि पुन्हा वीस.

वहिनीनं भिंतीपाशी बसून हिशेब मागितला. आधीच्या वीसवरून कालच्या सोळावर आलो, तेव्हा शेकडा किती कमी झाले? मी सांगितलं, वीस. आणि आज सोळाचे पुन्हा वीस झाले, तर शेकडा किती वाढले? मी सांगितलं, पंचवीस.

ती माझ्याकडे संशयानं पाहू लागली. "चार सेकंद गेले, तेच चार वापस आले. उतरताना वीस अन् चढताना पंचवीस? हे कोनतं गनित हो, मास्तर?"

"सुरुवात बदलली ना. आधी वीसमधले चार होते. आता सोळावर चार."

तिनं विचार केला. वीस माणसांच्या पंगतीतून चारजण उठून गेले आणि सोळा माणसांच्या घरी चार पाहुणे आले, या दोन गोष्टी तिनं मनात लावून पाहिल्या असाव्यात, कारण ती पुटपुटली, "सोळाचा सैपाक करनारीले इचारा. तिले चार पाव्हने जास्तच लागतात." मग एकदम हसून म्हणाली, "म्हंजे बिघडाले बी शेकडा जास्त पडतात! सुधारलं तेवढं बिघडलं तं कागदावर बिघडलेलंच जास्त दिसते."

पुढे आयुष्यभर वर्तमानपत्रांतले आकडे वाचताना मला हे वाक्य उपयोगी पडलं आहे. ते कुठल्याही पुस्तकात मला सापडलं नाही.

टिटवीच्या घरट्याला बगल देऊन पट्टी चार हात बाजूला सरकवली. सतरा. सोळा. पुन्हा सोळा. भिंतीवरची गेरूची खूण पाच आणे आणि थोडं वर अशी अडून बसली आणि पटाचा दिवस उजाडला.

मांडव घातला होता. शाळेच्या खुर्च्या तिथे गेल्या होत्या, त्यामुळे शाळेला आपोआप सुट्टी होती. मांडवात टेबल, टेबलावर वही, वहीमागे पटवारी. पंच म्हणून गावातले चार जाणते, त्यांत आमचे थोरलेही होते. साहेब येणार सकाळी नऊला म्हणून सगळे साडेआठला तयार, पण साहेबांना दुसऱ्या गावी उद्घाटन होतं. शेवटी पटवारी म्हणाला, "बैलं उन्हात तापून राह्यले. मी तीस साल आनेवारी काढली, हे चार बैलं मले जड नाईत. सोडा!" आणि पट सुरू झाला.

मी शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन उभा. फडकं पडलं की दाबायचं, छकड्याचं चाक रेषेवर आलं की दाबायचं आणि आकडा ओरडून सांगायचा. घड्याळ सेकंदाचा पाचवा भाग दाखवत होतं, पण पटवाऱ्यानं पहिल्याच जोडीला हात वर केला होता. "मास्तर, पूर्न सांगा. निमं सेकंद कोन पाह्यते?"

शेतकरी, बाया, दुकानदार, सगळे दोन्ही बाजूंना दाटलेले. जोडी सुटली की आरोळी तिच्याबरोबर पळत यायची, आधी त्या टोकाला, मग मधे, मग अंगावरच. धुळीतून बैलांचे डोळे दिसायचे. चाळीस सेकंदवाल्यांची जोडी तिसात आली आणि मालक नाचला. गेल्या वर्षी मधेच बसलेली जोडी यंदा न बसता एकतीस सेकंदांत आली आणि मोठाच पेच झाला.

"गेल्या साली पोचलीच नोयती," पटवारी म्हणाला. "ज्याले सुरुवातच नाई, त्याची प्रगती कायच्यातून काढू?"

"म्हंजे आमी शून्यातून वर आलो!" मालक गरजला. "सगळ्यात मोठी आमचीच!"

"शून्य नाई बापा, शून्य सेकंदात तुमी आले असते तं आमी तुमाले हात जोडले असते. गेल्या साली तुमी आलेच नाई. बसा तिकडं."

मग आमची. फडकं पडलं. पांढऱ्या नेहमीसारखाच सरळ निघाला, तांबड्या त्याच्या अर्ध्या मानेनं पुढे. मी बटण दाबलं आणि अंगठा त्याच्यावरच राहिला. अर्ध्यावर आले. कुणीतरी टोपी उडवली, ती पट्टीवर आली, तांबड्यानं ती पाहिली (मी शपथेवर सांगतो, पाहिली) आणि तिच्यावरून पाय टाकून गेला. चाक रेषेवर आलं. मी दाबलं. काटा पंधरावर होता.

"पंधरा!" माझा आवाज फाटला. "पंधरा!"

चोवीसातले नऊ गेले. दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात, नऊ. सहा आणे! बायांच्या बाजूला एका बंडीवर वहिनी उभी होती. तिनं मला पंजा आणि वर एक बोट दाखवलं. हिशेब माझ्या आधी झाला होता.

अकरा वाजता साहेब आले, जेवले आणि दुपारच्या फेऱ्यांना बसले. त्यांच्याबरोबर एक तरुण कारकून होता, त्याच्याकडे शेकडेवारीचा छापील तक्ता होता. दुपारच्या जोड्यांचा हिशेब त्यानं केला. गावातल्या देशमुखांची जोडी गेल्या वर्षीच्या वीसवरून चौदावर आली. चांगलीच पळाली, उगीच का नाही म्हणू? पण माझ्या मनात हिशेब झाला होता: वीसातले सहा, शेकडा तीस. आमचे साडेसदतीस. मी निर्धास्तपणे घड्याळ पुसून कापसात गुंडाळत होतो.

मांडवात शाळेचा फळा लावला होता. कारकुनानं त्यावर यादी उतरवली. सकाळच्या जोड्या पटवाऱ्याच्या वहीतून, दुपारच्या आपल्या कागदावरून. समोर नुसते आकडे. साहेब उठले. प्रगतीबद्दल पुन्हा थोडं बोलले. थोडं म्हणजे बैलांनी तेवढ्यात रवंथ संपवला. आणि मग म्हणाले, "सर्वाधिक प्रगती, तीस! देशमुखसाहेबांची जोडी. अभिनंदन!" देशमुखांच्या गळ्यात हार पडला.

मी फळ्याकडे पाहिलं. आमच्या जोडीपुढे ६ होता. चाळीसवाल्यांपुढे ४. त्याखाली देशमुखांचे ३०, आणखी कुणाचे १२, १८.

क्षणात सगळं लक्षात आलं. पटवाऱ्यानं जन्मभर जे केलं तेच केलं होतं. सोळापैकी काढलं होतं. कारकुनानं शंभरापैकी. दोघांचे हिशेब बिनचूक होते. फळ्यावर दोन वेगळी मापं एकाखाली एक उभी होती आणि साहेबांनी त्यांतला मोठा आकडा उचलला होता.

मला तेव्हाच ओरडायला हवं होतं. मी उठलो नाही. माझी नोकरी सहा महिन्यांची होती, साहेबांच्या हातात माईक नव्हता पण शिक्षण खात्याशी ओळख होती, आणि हार पडून गेला होता. हे मला लिहायला आवडत नाही, पण तसं झालं. मी खाली मान घालून घड्याळाभोवती कापूस लपेटत राहिलो. थोरल्यांनी तांबड्याकडे एकदा पाहिलं. बाजाराला नेताना माणूस बैलाकडे पाहतो तसं पाहिलं.

तांबड्या मांडवाशेजारी खुंटीला बांधला होता. वहिनी बंडीवरून उतरून त्याच्याजवळ आली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मांडवात भासरे, साहेब, देशमुख, सगळं गाव. बाईमाणसानं तिथं तोंड उघडायचं नाही हे ती माझ्यापेक्षा चांगलं जाणत होती. तिनं रीत मोडली नाही. ती बैलाशी बोलली. फक्त आवाज असा लावला, की पलीकडच्या शेतातही ऐकू जावा.

"तांबड्या! बापा, तू सोळातले सा कमी केले! त्याइनं शंभरातले तीस कमी केले! तुह्ये सा मोठे का त्यायचे तीस मोठे, हे या शिकल्यासवरल्याइले कोन सांगन रे?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तुह्या सा आन्याचे साडेसदतीस होतात रे तांबड्या! मास्तरले इचार पाह्यजे तं! बसले पाहा घडी पुसत!"

आता मला उठणं भागच होतं. गेलो फळ्यापाशी. खडू घेतला. नऊ गुणिले शंभर, भागिले चोवीस. मोठ्या अक्षरात लिहिलं, साडेसदतीस. मग देशमुखांचं उलटं करून दाखवलं. सोळा गुणिले सहा, भागिले वीस. पावणेपाच आण्यांहून जरासं वर. "सहा आणे जास्त की पावणेपाच?" मी गावाला विचारलं.

"सा!!" सगळं गाव ओरडलं. पन्नास टक्के लोकांना तरी हिशेब कळला असावा, उरलेल्यांना ओरडायला मिळालं.

कारकुनानं तक्ता काढून पाहिला आणि तो लाल झाला. पटवारी मात्र उठूनच उभा राहिला. "मी आनेच लिवले होते! तीस साल आनेच लिवले! मले इचारलं का कोनी? मी टक्के लिवीन कायले?"

साहेबांनी घसा साफ केला. "घोषणा झालेली आहे," ते म्हणाले. "आता बदल करणं शोभून दिसणार नाही. फरक तसा किरकोळ आहे."

"किती शेकडा किरकोळ आहे, साहेब?" पटवाऱ्यानं विचारलं. इतकी वर्षं सरकारचे कागद भरून त्याला सरकारशी बोलायचं कसं ते समजलं होतं.

मांडव हादरला इतके लोक हसले. शेवटी सोडवणूक देशमुखांनीच केली. गळ्यातला हार काढून ते खाली आले. "हरलो तं हरलो," म्हणाले, "पन बैलाकडून हिशोब ऐकाची पाळी पह्यल्यांदाच आली," आणि त्यांनी हार तांबड्याच्या गळ्यात घातला. तांबड्यानं लगेच त्यातली झेंडूची फुलं खायला सुरुवात केली. साहेबांना नांगर देणं भाग पडलं. देताना त्यांनी पुन्हा एकदा 'प्रगती' म्हटलं. दादानं फेटा बांधून घेतला आणि तांबड्याचा दोर सोडला.

घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. नांगर गोठ्याला टेकवून ठेवला. वहिनी तांबड्याच्या अंगावरची धूळ ओल्या पोत्यानं पुसत होती. माझी खोली समोरच असल्यामुळे मी उंबऱ्यावर बसून सगळं पाहत होतो. खरं तर बाजाराचं काय होतं ते ऐकायला बसलो होतो. तीही त्याचसाठी एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होती.

थोरले आले. पायातले जोडे काढले. नांगराच्या फाळावर बोट फिरवून पाहिलं. मग भिंतीवरच्या गेरूच्या सोळा खुणांकडे कितीतरी वेळ पाहत उभे राहिले. खालून मोजल्या. वरून मोजल्या.

"तांबड्या," ते शेवटी म्हणाले, "सा आनेच झाले म्हना. अजून दहा बाकी आहेत. ते पुढच्या साली कराचे."

पदराच्या आतून इतकंच ऐकू आलं, "तांबड्या, भाकरी थंडी होऊन राह्यली म्हनाव."

माझ्यातला मास्तर उठू पाहत होता. सोळाच्या सोळा आणे कमी झाले तर शंभर टक्के वेळ गेला. म्हणजे बैल सुटायच्या क्षणीच पोचलेला असायला हवा. दहा बाकी कधीच फिटणार नव्हते, ना पुढच्या साली, ना त्याच्या पुढच्या. मी तोंड उघडलं. वहिनीनं पदर बोटभर वर करून माझ्याकडे पाहिलं. हा हिशेबही तिचा माझ्या आधी झाला होता.

मी गप्प राहिलो. त्या दिवशीचं माझं दुसरं गप्प राहणं, पण याची मला अजून लाज वाटलेली नाही. आतून थोरल्यांचा आवाज आला, "मास्तरले बी जेवाले बलाव म्हना, तांबड्या," आणि मी हात धुवायला उठलो.